नोंदवहीतून यंत्राच्या पाठापर्यंत

लिहून ठेवलेली माहिती आणि शिकण्याजोगी माहिती या दोन गोष्टी एकच आहेत, असे सामान्यतः मानले जाते. रुग्णालयात, बँकेत, रेल्वेच्या आरक्षण कचेरीत वर्षानुवर्षे संगणकावर नोंदी होत असतात. त्या यंत्रापुढे ठेवल्या की यंत्र त्यांतून आपोआप बोध घेईल, अशी समजूत हल्ली बरीच रूढ झालेली आहे. वस्तुतः नोंद करण्याचा हेतू निराळा असतो, आणि शिकण्यासाठी तीच नोंद ज्या रूपात हवी असते ते रूपही निराळे असते. एका रूपातून दुसऱ्या रूपात माहिती नेण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्यास निव्वळ कारकुनी वाटते. परंतु यंत्राने दिलेल्या निर्णयाचा खरेखोटेपणा पुष्कळदा याच कामात ठरून जातो.

व्यवहारातील नोंदींचा फार मोठा भाग आज ज्या पद्धतीने ठेवला जातो, तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. म्हणजे परस्परांशी संबंध असलेल्या तक्त्यांचा संग्रह. एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत असताना १९७० साली एक निबंध प्रसिद्ध करून या पद्धतीचा पाया घातला. त्याच्या विचाराचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे: प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, निरनिराळ्या तक्त्यांतील नोंदी समान ओळखक्रमांकाने परस्परांना जोडता याव्यात, आणि प्रश्न विचारणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे, ते कोठे व कसे साठविले आहे याची चिंता त्याने करू नये. १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांनी असे प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने प्रसिद्धीस आली आणि १९८६ साली तिला अमेरिकेत प्रमाण रूप मिळाले. कॉड यास १९८१ साली संगणकशास्त्रातील ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. ज्याला तो ‘सातबारा’ म्हणतो तो मुळात एक उतारा नव्हे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा अशा दोन नोंदींची ती जोडणी आहे. सातमध्ये जमिनीवरील हक्क, बारामध्ये पिके. आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक. त्याच जमिनीकडे खातेदाराच्या बाजूने पाहावयाचे असेल, तर आठ-अचा उतारा काढावा लागतो. हक्कांत झालेले बदल सहा क्रमांकाच्या नमुन्यात, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, तारीखवार असतात. नोंदी विभागून ठेवावयाच्या आणि कामापुरत्या जोडून पाहावयाच्या, हेच कॉडच्या पद्धतीचेही मर्म आहे.

यंत्रशिक्षणाची गरज मात्र याच्या उलट असते. यंत्राला शिकविणे म्हणजे त्याच्यापुढे उदाहरणे मांडणे. प्रत्येक उदाहरण एका ओळीत हवे. त्या ओळीत ठरावीक रकाने हवेत. आणि शेवटच्या रकान्यात त्या उदाहरणाचे उत्तर हवे. म्हणजे जे अनेक तक्त्यांत विखुरलेले आहे ते एका सपाट तक्त्यात आणावयाचे असते. जुन्या पेढीवर रोजकीर्दीतील नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या नावे चढवीत, तसेच हे काम आहे. आणि खतावणी चुकली तर रोजकीर्द कितीही चोख असली तरी हिशेब चुकतो, हा अनुभव येथेही येतो.

या कामातील अडचणी कळण्यासाठी एका प्रत्यक्ष संग्रहाचा विचार करणे इष्ट होईल. अमेरिकेतील बॉस्टन शहरी बेथ इस्रायल डीकनेस या नावाचे रुग्णालय आहे. तेथील अतिदक्षता विभागांत २००१ ते २०१२ या काळात दाखल झालेल्या चाळीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एमआयटी या विख्यात संस्थेतील संशोधकांनी संकलित केल्या आणि ‘मिमिक-तीन’ या नावाने अभ्यासकांस उपलब्ध करून दिल्या. या संग्रहात २६ तक्ते आहेत. एका तक्त्यात रुग्ण, दुसऱ्यात रुग्णालयातील दाखला, तिसऱ्यात अतिदक्षता विभागातील मुक्काम, चौथ्यात रक्ताच्या व इतर तपासण्या. आणि खाटेशेजारी परिचारिकेने वेळोवेळी टिपलेल्या नाडी, रक्तदाब, तापमान इत्यादींच्या तक्त्यात तर तेहतीस कोटींहून अधिक ओळी. या संग्रहावरून विचारला जाणारा एक प्रश्न असा: रुग्ण अतिदक्षता विभागात आल्यानंतरच्या पहिल्या ४८ तासांतील नोंदी पाहून, तो त्या दाखल्यात दगावण्याचा धोका किती आहे हे सांगता येईल काय? या प्रश्नाचे सर्वांना एकाच मापाने मोजता येईल असे रूप २०१९ साली काही संशोधकांनी प्रसिद्ध केले.

पहिला निर्णय असा की एक ओळ म्हणजे काय? एक रुग्ण, एक दाखला, की एक मुक्काम? एकच रुग्ण तीनदा दाखल होऊ शकतो, आणि एका दाखल्यात तो अतिदक्षता विभागात दोनदा जाऊ शकतो. हे आधी न ठरविता तक्ते जोडले तर जोडणीचा पहिला दोष उद्भवतो. समजा, एका दाखल्याच्या नावे १२ निदाने आणि २०० तपासण्या आहेत. निदानांचा व तपासण्यांचा तक्ता दाखल्याच्या क्रमांकावर एकदमच जोडला तर त्या एका दाखल्याच्या २४०० ओळी होतात. संगणक याला चूक मानीत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे ते बिनचूक उत्तरच असते. परंतु अशा तक्त्यावर शिकणाऱ्या यंत्राला एक गंभीर रुग्ण शेकडो रुग्णांइतका मोठा दिसतो. म्हणून प्रत्येक उपतक्त्याचा गोषवारा आधी काढावा, म्हणजे एका मुक्कामामागे एकच ओळ करावी, आणि मगच जोडणी करावी.

दुसरा दोष याच्या अगदी उलट आहे. साध्या जोडणीत ज्याची नोंद दोन्ही तक्त्यांत आहे तोच टिकतो. ज्याची एखादी तपासणी झालीच नाही, असा रुग्ण निमूटपणे गळून जातो. तेव्हा मुक्कामांची यादी मूळ धरून बाकीचे सर्व तिला जोडावयाचे, आणि जेथे नोंद नाही तेथे जागा रिकामी ठेवावयाची, ही रीत सुरक्षित होय. व्यवहारात तिला लेफ्ट जॉइन म्हणतात. जोडणीपूर्वी किती ओळी होत्या व नंतर किती उरल्या, ही साधी मोजणी प्रत्येक पायरीवर केली तर हे दोन्ही दोष बहुधा तेथल्या तेथे सापडतात.

नोंदींच्या नावांचा प्रश्नही असाच फसवा आहे. या रुग्णालयाने मधल्या काळात, २००८ च्या सुमारास, नोंदी ठेवण्याची संगणकप्रणाली बदलली. परिणामी नाडीचे ठोके जुन्या नोंदींत २११ या क्रमांकाखाली आहेत आणि नव्या नोंदींत २२००४५ या क्रमांकाखाली. ज्याने एकच क्रमांक मागितला त्याला एका कालखंडातील रुग्णांस नाडीच नव्हती असे दिसेल. तापमान काही ठिकाणी फॅरनहाइटमध्ये, काही ठिकाणी सेल्सिअसमध्ये आहे. ३७ आणि ९८.६ हे दोन्ही आकडे निरोगी शरीराचेच. पण एकाच रकान्यात ते मिसळले तर यंत्राला त्यांत साठ अंशांचा ताप दिसू लागतो. हे अर्थ आकड्यांवर लिहिलेले नसतात. संग्रहाबरोबर दिलेला संज्ञांचा तक्ता वाचून, आणि शक्य तर त्या खाटेशेजारी काम केलेल्या माणसास विचारून, ते समजून घ्यावे लागतात.

सर्वांत गंभीर प्रश्न काळाचा आहे. डेटाबेसमध्ये सर्व नोंदी एकाच वेळी दिसतात. प्रत्यक्षात त्या निरनिराळ्या वेळी जन्माला आलेल्या असतात. मिमिकमधील निदानांचे संकेतांक रुग्ण घरी गेल्यावर किंवा दगावल्यावर बिलाच्या सोयीसाठी लावलेले आहेत. पहिल्या ४८ तासांचा प्रश्न सोडविताना हे संकेतांक यंत्राला दाखविणे म्हणजे परीक्षार्थ्याच्या हाती उत्तरपत्रिका देणे होय. यंत्र परीक्षेत उत्तम गुण मिळवील. परंतु खऱ्या अतिदक्षता विभागात, जेथे ते निदान अजून कोणी लिहिलेलेच नसते, तेथे ते निरुपयोगी ठरेल. म्हणून माहिती मागविताना प्रत्येक तक्त्यावर काळाची अट घालावी लागते: मुक्कामाच्या आरंभापासून ४८ तासांच्या आत जे घडले तेवढेच घ्यावे. येथेही एक बारकावा आहे. रक्त केव्हा काढले ही एक वेळ असते, आणि त्याचा निकाल डॉक्टरांस केव्हा कळला ही दुसरी. जमिनीच्या खटल्यात ज्याप्रमाणे आजचा सातबारा पुरत नाही, त्या विवक्षित दिवशी फेरफाराची स्थिती काय होती हे पाहावे लागते, त्याचप्रमाणे येथेही ‘त्या घटकेस काय ठाऊक होते’ हा प्रश्न निर्णायक ठरतो.

उत्तर किती अनपेक्षित वाटेने फुटू शकते, याचे एक नमुनेदार उदाहरण २००८ सालच्या केडीडी कप या स्पर्धेत घडले. स्तनांच्या क्ष-किरण चित्रांवरून काढलेल्या मापांच्या आधारे कर्करोग ओळखावा, असा तो प्रश्न होता. विजेत्या संशोधकांच्या ध्यानी आले की, रुग्णाला दिलेला निव्वळ ओळखक्रमांकच कर्करोगाचे भाकीत आश्चर्यकारक अचूकतेने करतो. वस्तुतः क्रमांकाचा आणि रोगाचा संबंध असण्याचे कारण नाही. त्यांनी बांधलेला तर्क असा की, नोंदी निरनिराळ्या ठिकाणांहून एकत्र केल्या गेल्या असाव्यात, आणि काही ठिकाणचे रुग्ण त्यांच्या रोगाची स्थिती आधीच माहीत असताना निवडले गेले असावेत. त्यामुळे क्रमांकांच्या टप्प्यांतच रोगाचे प्रमाण दडून बसले. डेटाबेसमध्ये ओळखक्रमांक हा जोडणीचा कणा असतो. जोडणी संपल्यावर मात्र त्याला शिकण्याच्या रकान्यांतून काढून टाकले पाहिजे, हा धडा या प्रकरणाने घालून दिला.

रिकाम्या जागांचे काय करावे, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. एखादी तपासणी झाली नाही म्हणजे तिचे मूल्य शून्य आहे असे नव्हे. कित्येकदा डॉक्टरांस ती आवश्यक वाटली नाही, हीच मुळी एक माहिती असते. बॉस्टनमधील दोन रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण तीन वर्षे जगेल किंवा नाही याचे अनुमान करताना, बऱ्याच तपासण्यांच्या बाबतीत, निकालाच्या आकड्यापेक्षा ती तपासणी केव्हा मागविली गेली ही गोष्ट अधिक बोलकी ठरते, असे त्यात आढळले. रात्री अवेळी रक्त तपासावयास पाठविले जाते, त्या अर्थी कोणीतरी चिंतित झालेले असते. यंत्र अशा वेळी रोगाविषयी शिकते की डॉक्टरांच्या चिंतेविषयी, हे माणसालाच तपासून पाहावे लागते. म्हणून रिकामी जागा सरासरीने भरण्यापूर्वी ती रिकामी होती याची नोंद वेगळ्या रकान्यात जपून ठेवणे हिताचे.

येथवर अर्थाचा विचार झाला, आता आकाराचा. तेहतीस कोटी ओळींपैकी प्रत्येक ओळीस शंभर बाइट लागतात असे धरले तरी एकूण तेहतीस गिगाबाइट होतात. सामान्य संगणकाच्या स्मृतीत हे मावणारे नव्हे. तरीही नवखा अभ्यासक ‘सर्व ओळी दे’ असा प्रश्न विचारतो आणि यंत्र थिजून बसते. यावर पहिला उपाय हा की, जे काम डेटाबेस स्वतः करू शकतो ते त्यालाच करू द्यावे. निवड, काळाची अट, तासवार सरासरी ही कामे तो आपल्या जागी, सूचीच्या साहाय्याने करतो आणि बाहेर फक्त गोषवारा पाठवितो. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र प्रश्न विचारणे हे मात्र विहिरीतून वाटीने पाणी काढण्यासारखे आहे; चाळीस हजार रुग्णांसाठी चाळीस हजार खेपा होतात, आणि खेपेतच वेळ संपतो.

दुसरा उपाय तुकड्यातुकड्यांनी वाचण्याचा. डेटाबेसमध्ये कर्सर नावाची सोय असते. पुस्तकात खुणेची फीत घालून ठेवावी, त्याप्रमाणे कर्सर वाचनाची जागा लक्षात ठेवतो आणि मागितल्या तितक्याच, म्हणजे दहा हजार किंवा पन्नास हजार, ओळी पुढे देतो. पायथन भाषेतील पांडाज या प्रचलित साधनात तुकडीचा आकार सांगून असे वाचन करता येते. मात्र खुणेची फीत डेटाबेसच्या बाजूस आहे की वाचणाऱ्याच्या बाजूस, हे पाहून घेतले पाहिजे. पोस्टग्रेससारख्या संग्रहाशी बोलणारी साधने, निराळे सांगितले नाही तर, सगळा निकाल आधी आपल्याकडे ओढून घेतात आणि मग त्याचे तुकडे करून देतात. अशा तुकड्यांनी स्मृतीचा भार हलका होत नाही. ‘पहिल्या एक कोटी ओळी सोडून पुढच्या दे’ अशी मागणीही महागात पडते, कारण सोडावयाच्या ओळीही डेटाबेसला ओलांडाव्याच लागतात. त्यापेक्षा ‘अमुक क्रमांकाच्या पुढच्या दे’ ही मागणी शहाणपणाची.

याच संदर्भात क्रमाचा विचार येतो. कॉडच्या पद्धतीत तक्ता हा ओळींचा समुच्चय आहे, त्याला स्वतःचा क्रम नाही. क्रम स्पष्ट सांगितला नाही तर आज ज्या क्रमाने ओळी आल्या त्याच क्रमाने उद्या येतील असे कोणतेही आश्वासन नाही. शिवाय चालू डेटाबेसमध्ये वाचन चालू असतानाच नव्या नोंदी पडत असतात. म्हणून सर्व वाचन एकाच व्यवहाराच्या चौकटीत, जणू एका क्षणाच्या छायाचित्रावरून, करून घ्यावे. निघालेला सपाट तक्ता एकदा फाइलमध्ये लिहून ठेवावा. आणि तो कोणत्या प्रश्नाने, कोणत्या दिवशी काढला याची नोंद त्याच्याबरोबर ठेवावी. यापुढे यंत्राला शिकविताना मूळ डेटाबेसला पुन्हा पुन्हा त्रास द्यावयाचे कारण उरत नाही. ज्या संग्रहावर रुग्णालयाचा दैनंदिन कारभार अवलंबून आहे, त्यावर अभ्यासाचा भार टाकणे केव्हाही गैरच. फाइलमधील ओळी मग पिसून, लहान लहान तुकड्यांनी यंत्रापुढे मांडाव्या लागतात. कारण आधी सर्व बरे झालेले आणि नंतर सर्व दगावलेले, अशा क्रमाने शिकलेले यंत्र एकांगी होते.

शिकविण्यासाठी आणि परीक्षेसाठी उदाहरणे वेगळी काढतानाही सपाट तक्ता फसवितो. ओळी चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तर एकाच रुग्णाचा पहिला मुक्काम शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत जाऊ शकतो. यंत्र मग रोग ओळखण्याऐवजी माणूस ओळखू लागते. त्यामुळे वाटणी ओळींची करू नये, रुग्णांची करावी. आणि ज्या क्रमांकाला शिकण्याच्या रकान्यांतून काढून टाकले तोच या वाटणीसाठी जवळ बाळगावा.

शेवटची गोष्ट अशी की, या प्रत्येक ओळीमागे एक माणूस आहे. मिमिकच्या संकलकांनी नावे व पत्ते काढून टाकले, आणि प्रत्येक रुग्णाच्या सर्व तारखा एका ठरावीक अंतराने पुढे, थेट बाविसाव्या शतकात, ढकलल्या. एका रुग्णाच्या दोन तारखांमधील अंतर कायम राहते, परंतु दोन रुग्णांची कालक्रमाने तुलना करता येत नाही. ८९ वर्षांहून अधिक वयाच्या माणसांची जन्मतारीख अशी सरकविली आहे की त्यांचे वय तीनशे वर्षांहून अधिक येते, कारण इतके वृद्ध रुग्ण थोडे असल्याने ते ओळखू येण्याचा संभव असतो. हे ठाऊक नसलेल्याच्या तक्त्यात तीनशे वर्षांचे रुग्ण अवतरतात. एवढेच नव्हे, तर पांडाजमध्ये कालांतर नॅनोसेकंदांत मोजले असता सुमारे २९२ वर्षांपलीकडचे अंतर मावत नाही, आणि वय काढताना हिशेबच कोलमडतो. हा संपूर्ण संग्रह मिळविण्यासाठी अभ्यासकास मानवी संशोधनाच्या नीतीचे शिक्षण पुरे करावे लागते आणि वापराच्या अटींवर सही द्यावी लागते. ही बंधने विद्येच्या मार्गातील अडथळा नव्हेत. ज्यांच्या दुःखातून ही विद्या निपजते त्यांचे ते देणे आहे.

यंत्रशिक्षणाविषयी बोलताना लोकांचे लक्ष सहसा यंत्राच्या बुद्धीकडे जाते. परंतु अतिदक्षता विभागात एखादी धोक्याची सूचना खरी निघेल की खोटी, हे पुष्कळ आधी, दोन तक्ते कोणत्या क्रमांकावर जोडले, कोणत्या घटकेनंतरची नोंद वगळली आणि कोणती रिकामी जागा रिकामीच राहू दिली, यांवर ठरलेले असते. उद्या भारतातील रुग्णालयांच्या नोंदींवरही अशी यंत्रे शिकतील. त्या वेळी खाटेशेजारी नोंद करणारी परिचारिका आणि ती नोंद पाठात बदलणारा अभ्यासक या दोघांच्या दक्षतेवर रुग्णाचे हित सारखेच अवलंबून राहील.